शून्य लागण, पण कशाच्या तुलनेत? आफ्रिकेतल्या एचआयव्ही चाचण्या समजून घेताना

जून २०२४ मध्ये एका औषध-चाचणीचा निकाल ठरल्या वेळेआधीच जाहीर झाला. चाचणीचं नाव पर्पज-१. दक्षिण आफ्रिका आणि युगांडा या दोन देशांतल्या १६ ते २५ वयाच्या पाच हजारांहून जास्त मुली आणि तरुणी तिच्यात सहभागी होत्या. त्यांच्यापैकी २,१३४ जणींना लेनाकापाविर या औषधाचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी दिलं जात होतं. त्यांतल्या किती जणींना एचआयव्हीची लागण झाली? एकीलाही नाही.

‘शंभर टक्के यश’ असे मथळे झळकले. ते खोटे नव्हते, पण त्यांत खरी मेख झाकली गेली. याच चाचणीत बाकीच्या मुलींना रोज घ्यायची प्रतिबंधक गोळी दिली होती आणि त्यांच्यातल्या ५५ जणींना लागण झाली. ही गोळी काही बोगस नव्हती. नियमित घेतली तर ती लागण टाळते हे आधीच सिद्ध झालेलं होतं. मग गुण सिद्ध झालेलं औषध हातात असताना पंचावन्न जणींना लागण झालीच कशी? आणि कोणालाही नुसतं खोटं औषध देऊन तसंच ठेवलेलं नसताना, या ‘शून्या’ची तुलना केली तरी कशाशी?

चाचण्या तिकडेच का?

गरीब देशातल्या बायकांवर प्रयोग करणं सोपं म्हणून, असं कोणी म्हणेल. वैद्यकाच्या इतिहासात तसे प्रकार झालेले आहेत, त्यामुळे हा संशय घेणाऱ्याला वेड्यात काढू नये. पण इथे मुख्य कारण गणिताचं आहे. प्रतिबंधक औषध गुणाचं आहे की नाही हे दोन गटांमधल्या लागणीचे आकडे शेजारी ठेवूनच कळतं. जिथे मुळात लागणच क्वचित होते तिथे दोन्हीकडचे आकडे इतके लहान येतात की फरक औषधामुळे पडला की योगायोगाने, हे सांगता येत नाही. छत्री गळते की नाही हे मे महिन्यात माणदेशात बसून समजत नाही, त्यासाठी जुलैत कोकणातच जावं लागतं.

भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. एस्वातिनी, म्हणजे पूर्वीच्या स्वाझीलँडमध्ये, प्रौढांपैकी जवळपास एक चतुर्थांश लोक एचआयव्हीसह जगतात. एकट्या दक्षिण आफ्रिकेत अशा लोकांची संख्या पाऊण कोटीच्या वर आहे. त्यातही नव्याने लागण होणाऱ्यांत किशोरवयीन मुली आणि तरुण बायका फार. कंडोम वापरायचा की नाही हे बऱ्याचदा पुरुष ठरवतो, आणि तो वयाने मोठा असतो. म्हणून बाईला स्वतःच्या हातात ठेवता येईल असं काहीतरी हवं, या गरजेतून या चाचण्यांचा मोठा भाग उभा राहिला.

चांगलं वाटणारं औषध उलटतं तेव्हा

‘अर्ध्या बायकांना खरं औषध आणि अर्ध्यांना खोटं, हा अन्याय नाही का?’ असं वाचकांना हमखास वाटतं. याचं उत्तर एका जेलच्या हकिकतीत आहे.

नॉनॉक्सिनॉल-९ हे शुक्राणुनाशक कित्येक वर्षं औषधाच्या दुकानांत मिळत होतं. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत ते एचआयव्हीलाही मारायचं. तेव्हा हे जेल वापरणारी बाई सुरक्षित राहील असं मानणं साहजिक होतं. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये त्याची चाचणी झाली. बेनिन, आयव्हरी कोस्ट, थायलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांत. दक्षिण आफ्रिकेत ती डरबनहून जोहान्सबर्गकडे जाणाऱ्या महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर चालली. अर्ध्या जणींना हे जेल, अर्ध्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं जेल. कोणाला काय मिळतंय हे ना त्यांना ठाऊक, ना देणाऱ्यांना. कंडोम आणि समुपदेशन मात्र दोघींनाही.

२००० साली डरबनच्याच आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत निकाल सांगितला गेला. औषधाचं जेल वापरणाऱ्यांमध्ये लागण जास्त झाली होती. वारंवार वापरल्याने योनीच्या अस्तराला इजा होत होती आणि विषाणूला वाट मोकळी मिळत होती. तुलनेला दुसरा गट नसता तर हे कधीच उघड झालं नसतं. ‘या बायांना धोकाच जास्त, म्हणून लागण झाली’ असं म्हणून लोक मोकळे झाले असते आणि जेल बाजारात खपत राहिलं असतं. खोट्या औषधाला, म्हणजे प्लासिबोला, नावं ठेवण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

कोणाला कुठल्या गटात घालायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडतात, तेही याच कारणाने. निवड डॉक्टरच्या हातात दिली तर तो नकळत जबाबदार वाटणाऱ्या बाईला खरं औषध देईल आणि तुलनाच बिघडेल. चाचणी चालू असताना गुप्त आकडे उघडून पाहण्याचा अधिकार फक्त एका स्वतंत्र समितीला असतो. औषध अपाय करतंय, किंवा गुण आता स्पष्ट झालाय, किंवा पुढे चालवून काहीच हाती लागणार नाही, यांतलं काहीही दिसलं की ती समिती चाचणी थांबवायला सांगते. पर्पज-१ मुदतीआधी थांबली ती अशाच शिफारशीने.

डरबनजवळचं जेल

नॉनॉक्सिनॉलनंतर आणखीही काही जेल अपयशी ठरली. पहिली आशा दिसली ती २०१० मध्ये. क्वारैशा आणि सलीम अब्दुल करीम या दांपत्याच्या नेतृत्वाखाली क्वाझुलू-नाताल प्रांतात काप्रिसा-००४ ही चाचणी झाली. त्यात ८८९ स्त्रिया होत्या, काही डरबन शहरातल्या, काही वुलिंडलेला या ग्रामीण भागातल्या. जेलमध्ये या वेळी टेनोफोविर होतं, म्हणजे एचआयव्हीच्या रुग्णांना गोळीतून देतात तेच औषध. संबंधाच्या आधी बारा तासांच्या आत एक मात्रा आणि नंतर बारा तासांच्या आत दुसरी, असा नियम. वापरलेल्या आणि उरलेल्या नळ्या परत आणायच्या, म्हणजे मोजता येतील.

औषधाच्या गटात ३८ जणींना लागण झाली, प्लासिबोच्या गटात ६० जणींना. हिशोबाने लागण ३९ टक्के कमी. नियमाने जेल वापरणाऱ्यांमध्ये हीच घट ५४ टक्के भरली. व्हिएन्नाच्या परिषदेत हा निकाल सांगितला तेव्हा सभागृह उठून उभं राहिलं.

पुढे फॅक्ट्स-००१ या मोठ्या चाचणीत दक्षिण आफ्रिकेतल्या दोन हजारांहून जास्त स्त्रियांना तेच जेल दिलं गेलं. २०१५ मध्ये निकाल आला, एकूण गटात उपयोग शून्य. त्यांतल्या बहुतेक जणी तरुण, अविवाहित, आईवडील-भावंडांबरोबर राहणाऱ्या होत्या. एका-दोन खोल्यांच्या घरात आधी बारा तास आणि नंतर बारा तास हे वेळापत्रक सांभाळायचं कसं, नळ्या ठेवायच्या कुठे, हे चाचणी आखणाऱ्यांनी गृहीतच धरलेलं होतं.

बाटलीत गोळ्या कमी, रक्तात औषध नाही

सगळ्यात जास्त शिकवून गेली ती व्हॉइस ही चाचणी. दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि युगांडा मिळून ५,०२९ स्त्रिया. काहींना रोज टेनोफोविरची गोळी, काहींना दोन औषधांची एकत्र गोळी, काहींना रोज लावायचं जेल, आणि तुलनेला खोट्या गोळीचा एक आणि खोट्या जेलचा एक गट. दर महिन्याला दवाखान्यात यायचं, उरलेल्या गोळ्या परत द्यायच्या, किती दिवस चुकले ते सांगायचं. या हिशोबाप्रमाणे औषध घेण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास येत होतं. आणि तरीही एकाही औषधाचा गुण दिसेना. लागणीचा दर भयंकर होता, वर्षाला शंभरात साधारण सहा.

मग साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले. गोळीच्या गटांत औषध सापडलं ते जेमतेम ३० टक्के नमुन्यांत, जेलच्या गटात २५ टक्के. गोळ्या बाटलीतून कमी होत होत्या, पण पोटात जात नव्हत्या.

‘बायकांनी फसवलं’ असा सूर तेव्हा लागला होता. मला तो आळशी वाटतो. पुढची कामगिरी मात्र संशोधकांनी चांगली केली. निकाल हाती आल्यावर ते काही सहभागी स्त्रियांकडे पुन्हा गेले, आणि या वेळी त्या बाईच्याच रक्ताचा अहवाल बरोबर नेला. तुमच्या इतक्या नमुन्यांत औषध होतं, इतक्यांत नव्हतं, आता मोकळेपणी बोला. कागद समोर आल्यावर बोलणं बदललं.

निघालं ते असं. ही गोळी म्हणजे एचआयव्हीच्या रुग्णाचीच गोळी. ती घरात कोणाच्या नजरेला पडली की ‘हिला तो आजार आहे’ एवढाच अर्थ निघणार. जोडीदाराला कळलं तर ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही’ किंवा ‘तूच बाहेर जातेस’. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून बायका एकमेकींना दुष्परिणामांच्या कहाण्या सांगत, आणि त्या ऐकून चांगली घेणारीही थांबे. शिवाय संमतीपत्रात प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं की हे औषध चालेल की नाही हे आम्हाला ठाऊक नाही, आणि तुम्हाला कदाचित खोटी गोळीही मिळेल. धडधाकट बाईने अशी गोळी रोज न चुकता का घ्यावी?

तरीही त्या येत राहिल्या, कारण तिथे नियमित तपासणी होती, चांगले उपचार होते, प्रवासाचा खर्च आणि वेळेचा मोबदला मिळत होता. गोळ्या घेतल्या नाहीत हे सांगितलं तर बाहेर काढतील, ही भीती. त्यामुळे भेटीला येताना जास्तीच्या गोळ्या टाकून द्यायच्या. यात मला लबाडीपेक्षा व्यवहारच जास्त दिसतो.

व्हॉइसनंतर कोणतीही गंभीर चाचणी नुसत्या रिकाम्या बाटलीवर विसंबत नाही. रक्त, केस, योनीतला स्राव यांतलं औषध मोजतात. आणि प्रश्नाची दिशाही बदलली. बाईला रोज लक्षात ठेवायला लावण्यापेक्षा, तिला लक्षातच ठेवावं लागणार नाही असं काही करता येईल का?

मध्येच पुण्याकडे

रुग्णालाच लवकर उपचार दिले तर त्याच्या जोडीदाराचं रक्षण होईल का, असाही एक धागा याच काळात चालू होता. एचपीटीएन-०५२ या चाचणीत नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती. बोत्सवाना, मलावी, झिंबाब्वे आणि दक्षिण आफ्रिकेबरोबर भारतही होता, आणि भारतातलं एक केंद्र पुण्यातली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, भोसरीची ‘नारी’. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. अर्ध्या रुग्णांना लगेच औषधं सुरू केली, अर्ध्यांना त्या काळच्या रिवाजाप्रमाणे प्रतिकारशक्ती घटल्यावर.

इथली युक्ती बघण्यासारखी आहे. जोडीदाराला लागण झाली म्हणजे ती घरातूनच झाली असं धरून चालत नाही. म्हणून दोघांच्या शरीरातल्या विषाणूंची जनुकीय रचना जुळवून पाहिली. एकूण ३९ लागणींपैकी २८ मध्ये विषाणू जुळला, आणि त्या २८ पैकी २७ उशिरा उपचार मिळालेल्या गटातल्या होत्या. लवकर उपचार दिले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हा २०११ मध्ये जाहीर झालेला आकडा इथून आला. औषधं नियमित चालू असतील आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला असेल तर शारीरिक संबंधातून लागण होत नाही, असं आज डॉक्टर ठामपणे सांगतात त्याच्या मुळाशी पुण्या-चेन्नईची आणि बोत्सवानातल्या गाबोरोनची, झिंबाब्वेतल्या हरारेची ही जोडपी आहेत.

गोळीकडून इंजेक्शनकडे

रोजच्या गोळीला पर्याय म्हणून आधी डापिविरीनची रिंग आली. बाईने स्वतः योनीत बसवायची, महिनाभर तशीच ठेवायची. २०१६ मध्ये दोन चाचण्यांचे निकाल आले, लागण २७ आणि ३१ टक्क्यांनी कमी. उपयोग आहे, पण मन भरावं असा नाही. मग दोन महिन्यांतून एकदा घ्यायचं काबोटेग्राविरचं इंजेक्शन. बोत्सवाना, एस्वातिनी, मलावी, झिंबाब्वे धरून सात देशांतल्या तीन हजारांवर स्त्रियांमध्ये ते तपासलं गेलं. २०२० मध्ये चाचणी वेळेआधी थांबली तेव्हा इंजेक्शनच्या गटात ४ लागणी होत्या, गोळीच्या गटात ३६.

लशीच्या बाबतीत मात्र पदरी निराशाच. दक्षिण आफ्रिकेतली उहाम्बो ही पाच हजारांवर लोकांची लस-चाचणी २०२० मध्ये थांबवावी लागली. लस घेतलेल्यांत १२९ लागणी, न घेतलेल्यांत १२३.

आता पुन्हा त्या शून्याकडे. पर्पज-१ आखेपर्यंत रोजच्या गोळीचा गुण जगाने मान्य केला होता आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही होती. अशा वेळी एका गटाला नुसता प्लासिबो देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला मुद्दाम दोर न देण्यासारखं, असं म्हणण्याचीही गरज नाही. नीतिसमितीने ते मंजूरच केलं नसतं. पण प्लासिबोचा गट नसेल तर ‘काहीच घेतलं नसतं तर किती जणींना लागण झाली असती’ हा आकडा आणायचा कुठून?

तो आणला चाचणीच्या दारातून. भरती होण्यासाठी आलेल्या सगळ्यांची आधी एचआयव्ही तपासणी होते. अशा ८,०९४ जणींच्या तपासणीत ५०४ जणींना आधीच लागण झालेली निघाली. त्यांना चाचणीत घेता येत नाही, पण त्यांचे नमुने एक मोलाची गोष्ट सांगतात. लागण नवी असते तेव्हा शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं विषाणूला सैल धरतात, महिने उलटतील तशी ती पकड घट्ट होत जाते. प्रयोगशाळेत ही पकड मोजता येते. म्हणजे कोणाची लागण गेल्या काही महिन्यांतली आणि कोणाची जुनी, हे वेगळं काढता येतं. नव्या लागणींच्या संख्येवरून त्या भागातल्या या वयाच्या मुलींमध्ये लागणीचा दर काय, याचा अंदाज बांधला. तो आला वर्षाला शंभरात २.४१.

या आकड्याशेजारी बाकीचे आकडे ठेवून बघा. इंजेक्शनच्या गटात शून्य. एका प्रकारच्या गोळीच्या गटात वर्षाला शंभरात २.०२, दुसऱ्या प्रकारच्या गोळीच्या गटात १.६९. म्हणजे गोळी दिलेल्या मुली आणि काहीच न घेतलेल्या मुली यांच्यात म्हणावा असा फरकच नाही. रक्त तपासलं तेव्हा बहुतेकींच्या शरीरात गोळीचं औषध पुरेसं नव्हतं, आणि जसजसे महिने गेले तसतसं ते आणखी घटत गेलं. व्हॉइसचीच कथा, दहा वर्षांनी.

चाचणीत प्रत्येकीला दोन्ही गोष्टी मिळत होत्या: खऱ्या इंजेक्शनबरोबर खोटी गोळी, किंवा खऱ्या गोळीबरोबर खोटं इंजेक्शन. आपण कुठल्या गटात आहोत हे कोणालाच कळू नये म्हणून. त्यामुळे इंजेक्शनच्या गटातल्या मुलीही घरी गोळ्यांची बाटली नेत होत्या. फरक एवढाच की त्यांच्या बाटलीचं काय होतं याने काही बिघडत नव्हतं. औषध पोटाच्या कातडीखाली बसलेलं होतं, कोणाच्या नजरेला न पडता. चाचणीच्या काळात ज्यांना दिवस गेले त्यांनाही बाहेर काढलं नाही, समजावून संमती घेऊन त्या चाचणीत राहू शकल्या. आधीच्या बहुतेक चाचण्यांत गरोदर बाईचं औषध बंद व्हायचं. ज्या वयात लागण आणि गरोदरपण दोन्ही सगळ्यात जास्त, तिथे हा जुना नियम हास्यास्पदच होता.

आता कोणाला, कितीला?

जून २०२५ मध्ये अमेरिकेने या इंजेक्शनला प्रतिबंधासाठी परवानगी दिली, आणि ते बनवणाऱ्या गिलियड कंपनीने तिथली किंमत ठेवली वर्षाला २८,२१८ डॉलर, म्हणजे चोवीस लाख रुपयांच्या आसपास. ज्या मुलींच्या दंडातून रक्त काढून औषध सिद्ध झालं त्यांच्या देशांना हा भाव ऐकवणंही लाजिरवाणं होतं. कंपनीने त्याआधीच, २०२४ मध्ये, १२० देशांसाठी स्वस्त औषध बनवायचे परवाने सहा उत्पादकांना दिले होते. त्यांत पुण्याची एम्क्युअर आहे, हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरोही आहेत. या दोन हैदराबादी कंपन्या २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरमध्ये, साडेतीन हजार रुपयांच्या आसपास, औषध पुरवणार असल्याचं सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं. मुंबईच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने तर या औषधाच्या भारतातल्या पेटंट अर्जांवर कितीतरी आधीच हरकत घेतली होती.

दरम्यान जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एका फटक्यात गोठवली. त्या पैशावर चाललेल्या चाचण्या जिथल्या तिथे थांबल्या. दक्षिण आफ्रिकेत काही स्त्रियांच्या शरीरात चाचणीतली रिंग बसवलेली होती, त्यांना बोलावून ती काढून घ्यावी लागली. संमतीपत्रात सगळे धोके लिहिलेले असतात. दुसऱ्या देशातलं सरकार बदलेल आणि चाचणी बंद पडेल, हा धोका त्यात कोणी लिहिला असेल असं वाटत नाही.

पुढच्या चाचण्या तरीही सुरू झाल्या आहेत. महिन्यातून एकदाच घ्यायची गोळी दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या तरुणींमध्ये तपासली जातेय, आणि तुलनेला रोजचीच गोळी आहे. नीतीचा वाद आता इथे आहे. ज्याच्यामुळे शून्य लागण होते ते इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळू लागल्यावर, दुसऱ्या गटाला रोजची गोळी देऊन भागेल का? आणि त्या गटालाही इंजेक्शनच द्यायचं, तर दोन्ही बाजूंना लागणी इतक्या कमी होतील की फरक दिसण्यासाठी पाच हजार मुलींवर भागणार नाही, कित्येक पटींनी जास्त लागतील.